सोमवारी तोललेला मासा

नागपुरातून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र दिसायचा तर एक रात्र आगगाडीत काढावीच लागते. आणि तरी याच शहरात दोन शहाणीसुरती, डोक्यावरचे केस पिकलेली माणसं समुद्रातल्या दोन माशांवरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. आता बोला! बांधावरून भांडणं होतात, नळावरून होतात, लग्नातल्या मानपानावरून तर होतातच. पण माशावरून? तेही ज्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, अशा दोन माणसांची?

एक दत्तोपंत, राहणार रेशीमबाग. दुसरा मार्तंड, राहणार हनुमाननगर. मध्ये सायकलीची सात मिनिटं. दोघंही सरकारी धान्य गोदामांचे तपासनीस. उमरेड, रामटेक, काटोल, पारशिवनी, जिथं म्हणून सरकारचं पोतं होतं तिथं ही जोडगोळी अठ्ठावीस वर्षं हिंडली. पोती तोलायची, कागदावरच्या आकड्याशी ताडून बघायची, आणि कमी भरलं की गोदामवाल्याला घाम फोडायचा. गोदामवाला बिचारा हात जोडून म्हणायचा, "साहेब, घट आली. धान्य सुकलं." त्यावर हे दोघं एकमेकांकडे बघून हसायचे. 'घट म्हणजे चोरीचं सोवळ्यातलं नाव', हे मार्तंडाचं वाक्य, आणि दत्तोपंतांना ते वेदवाक्य. अठ्ठावीस वर्षांत या दोघांनी एका दाण्याची घट मान्य केली असेल तर शपथ.

रविवारी मात्र दोघं अंबाझरीवर गळ टाकून बसायचे. लागलेला मासा घरी न्यायची सोय नव्हती, त्यामुळं तोलायचा, वहीत लिहायचा आणि परत पाण्यात सोडायचा. तळ्यावरचा मासेमार लहानू ढिवर त्यांच्याकडे बघून कपाळाला हात लावायचा. खायचं नाही तर धरायचं काहून, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

एका रविवारी सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात दत्तोपंतांना एक इंग्रजी मासिक सापडलं. गळानं मासे धरणाऱ्या शौकिनांचं. आत दोन टायगर शार्कचे फोटो समोरासमोर छापलेले. शेपटीला दोर बांधून उलटे टांगलेले, आणि शेजारी ज्यांनी ते धरले ती माणसं. नागपूरच्या माणसानं वाघ बघावा तो पेंचच्या जंगलात. यांना समुद्रातला वाघ सापडला आणि दोघं वेडे झाले. त्या साहेबांची नावं जिभेवर बसेनात म्हणून एकाचं नाव पडलं टोपीवाला, दुसऱ्याचं चष्मेवाला. टोपीवाल्याचा मासा सतराशे सत्तर पौंड. चष्मेवाल्याचा सतराशे पंचावन्न. म्हणजे दोन्ही साधारण आठ-आठ पोती गहू! एका गळाला आठ पोती! दौऱ्यावर रात्री जेवण झालं की मासिक निघायचं.

हळूहळू मार्तंड टोपीवाल्याचा झाला आणि दत्तोपंत चष्मेवाल्याचे. मार्तंडाचं म्हणणं, आकडा तो आकडा, पंधरा पौंड जास्त म्हणजे जास्त. दत्तोपंतांचं म्हणणं, चष्मेवाल्याचा मासा वीतभर जास्त लांब, घेरानंही मोठा, तो हलका भरेलच कसा? काट्यात खोट असणार. ही कुस्ती दोन वर्षं गमतीत चालली. मग एकाहत्तरच्या दिवाळीत मार्तंडाच्या घरी, फराळाला दहा माणसं बसलेली असताना, मार्तंड बोलून गेला, "दत्तू, गोदामंही अशीच तपासलीस का बे जन्मभर? पोत्याकडे नुसतं बघून?"

दहा माणसं हसली. दत्तोपंतांनी हातातली चकली ताटलीत ठेवली, चपला घातल्या आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत वाट बघत होते की मार्तंड येईल. तिकडे मार्तंड वाट बघत होता की दत्तू येईल, थट्टेचं एवढं काय मनावर घ्यायचं! दोघांचीही वाट बघण्याची हौस दांडगी. एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसून दोघं शिपायाच्या हाती चिठ्ठ्या पाठवू लागले. 'सविनय कळविण्यात येते की खिडकी बंद करावी, वारा येतो.' उत्तर जायचं, 'पत्र पोचले. विचार चालू आहे.' ऑफिस पोट धरून हसायचं. दत्तोपंतांना हसू यायचं नाही. अंबाझरीला ते परत गेले नाहीत. एकट्यानं गळ टाकून बसणं म्हणजे काय, भजन का आहे?

आणि चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात एका शुक्रवारी तारानं, म्हणजे दत्तोपंतांच्या बायकोनं, भाजी निवडता निवडता सांगितलं, "मार्तंडभावजींची चारुशीला बाजारात भेटली होती. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं चाललेत ते. भिलाईला, मुलाकडे. कायमचे. घर सोडलं."

मार्तंड मे महिन्यात रिटायर झाला होता. तेव्हापासून चिठ्ठ्याही बंद होत्या.

"जाईना का," दत्तोपंत म्हणाले.

"जाईना का? अहो, टायफॉइडमध्ये पारशिवनीहून बैलगाडीत घालून कोणी आणलं तुम्हाला? एकवीस दिवस उशाशी कोण बसलं? मी तर बाळंत होते माहेरी. त्या माणसाला गाडीवर पोचवायला नाही जाणार?"

"त्यानं यावं. बोलला तो, मी नाही."

"बसा मग," तारा म्हणाली आणि मेथीची जुडी अशी आपटली की पानं कमी आणि माती जास्त उडाली. पण दत्तोपंतांना त्या रात्री जेवण गेलं नाही, हे तिनं बघितलं होतं. माणूस कायमचा चालला होता. पत्ता विचारायचीसुद्धा सोय उरली नव्हती. आणि हा हट्टी मनुष्य रविवारची गाडी निघून गेल्यावर जन्मभर खिडकीत बसून राहील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी सकाळी नरखेडकडच्या गावाहून रुखमाबाई आली. तिची मुलगी गोपिका दोन वर्षं ताराकडे राहून मॅट्रिक झाली होती. तेव्हापासून दरवर्षी आंबिया बहार उतरला की रुखमाबाई संत्र्यांची टोपली घेऊन यायची, नको म्हटलं तरी यायची. टोपली ओसरीवर ठेवून, पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, "वीस किलो भरली बाई. आमच्या मालकानं सोता तोलून देली. म्हने, मास्तरीणबाईच्या घरी कमी नाही गेलं पाह्यजे."

तारा मास्तरीण नव्हती, पण गोपिकेला शिकवलं म्हणून त्यांच्या घरी ती मास्तरीणबाईच. ती चहा ठेवायला आत गेली. आणि दत्तोपंत? सवय वाईट हो! खुंटीवरचा ताणकाटा काढला, टोपलीच्या कड्यात अडकवला आणि उचलला.

"रुखमाबाई," ते चष्मा सावरत म्हणाले, "इथं पावणेएकोणीस भरते. सव्वा किलो कुठं गेली?"

तारा चहाचं भांडं तसंच टाकून बाहेर आली. "अहो, भेट आलेली टोपली कोणी तोलतं का? उद्या सत्यनारायणाचा प्रसाद तोलाल!"

पण रुखमाबाईच चवताळली होती. "कुठं जाईन साहेब? वाऱ्यानं खाल्ली! रविवारी तोडली, मंग काटोलले बहिनीच्या घरी पाच दिवस राह्यली मी. तोडलेलं फळ काय तसंच्या तसं राह्यते का? रोज घटते. तोडल्याबरोबर तोललं तं येक वजन, दुसऱ्या दिवशी तोललं तं दुसरं. त्यात फळाची काय चोरी? जलमभर काटे धरले ना तुम्ही? येवढं नाही समजत तुमाले?"

दत्तोपंतांच्या हातातला काटा तसाच राहिला.

"आता काहून असे पाहून राह्यले?" रुखमाबाई जरा घाबरली. "मी काही वंगाळ बोलली का बाई?"

दत्तोपंत आत धावले. ट्रंकेच्या तळातून ते मासिक काढलं. चष्मेवाल्याच्या फोटोखाली बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. पन्नास वेळा वाचलेल्या, पण आज पहिल्यांदा कळल्या. मासा काठावर आणला रविवारी दुपारी. एवढं वजन पेलणारा काटा गावात नव्हता. तो दुसरीकडून आणवला आणि मासा तोलला सोमवारी! सबंध रात्र तो मासा टांगलेला होता, ठिबकत, सुकत. टोपीवाल्याचा मात्र धरल्याबरोबर धक्क्यावरच तोललेला.

घट! अठ्ठावीस वर्षं जिला चोरी म्हटलं ती! क्षणभर दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढे हात जोडलेले कितीतरी गोदामवाले उभे राहिले आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं. पण माणूस शेवटी माणूस. लगेच दुसरा विचार आला, मी जिंकलो! त्यांनी सायकल काढली.

"कुठं?" तारानं विचारलं.

"मार्तंडाकडे."

तारानं मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलला. "माफी मागायला ना?"

"माफी? नाक कापायला चाललोय त्याचं!"

"जा बाई जा," तारा म्हणाली, "कशाला का होईना, पण जा एकदाचे."

हनुमाननगरचं दार चारुशीलाबाईंनी उघडलं. दत्तोपंतांना बघून त्या बाजूला झाल्या. खोलीत बांधलेली बोचकी, गुंडाळलेल्या गाद्या, आणि एका ट्रंकेवर स्वेटर घालून मार्तंड बसलेला.

दत्तोपंत उंबऱ्यातच थांबले. हा मार्तंड? डाकबंगल्याची खाट ज्याच्या वजनानं रडायची तो? मे महिन्यात ऑफिसातून गेला तेव्हा भरलेलं पोतं होता. सात महिन्यांत साखरेच्या दुखण्यानं निम्मा झाला होता. कॉलरमध्ये मान हलत होती. सायकलवरून येताना जुळवलेली सगळी टोचणारी वाक्यं दत्तोपंत विसरून गेले. एक उरलं, तेच बाहेर आलं.

"सोमवारी तोललाय."

"काय?"

"मासा. चष्मेवाल्याचा. रविवारी धरला आणि सोमवारी तोललाय."

मार्तंडानं त्यांच्याकडे बघितलं. ना ये म्हणाला, ना बस म्हणाला. हात पुढे केला. "दाखव."

चार ओळी त्यानं दोनदा वाचल्या. मग मान वर केली, आणि काय सांगावं, त्या सुकलेल्या तोंडावर रंग चढायला लागला. "म्हणजे घट म्हणतोस? तू? अबे, दत्तोपंत घट म्हणून राहिला! चारू, ऐकलंस का?"

दत्तोपंतांनी संत्र्यांची हकीकत सांगितली. मार्तंडानं मान हलवली. "संत्र्यावरून माशाचं ठरत नाही. संत्रं फळ आहे, मासा जनावर. पुरावा आण."

"आणतो."

"केव्हा? उद्या संध्याकाळी गाडी आहे माझी."

"आत्ता आणतो!"

आणि हा सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ त्या उन्हात सायकल मारत अंबाझरीवर गेला. लहानूकडून ताजा, तडफडता रोहू घेतला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि परत हनुमाननगरात. चारुशीलाबाई दारातच आडव्या. "निघायच्या आदल्या दिवशी घर बाटवता? मी घरात येऊ देणार नाही हं भावजी!" पण तीन वर्षांनी 'भावजी' म्हणाल्या, तेव्हाच त्यांचा राग लटका आहे हे कळलं होतं. मागच्या अंगणातल्या पेरूला मासा टांगायचा आणि आंघोळ केल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, यावर तडजोड झाली.

शेपटीला दोर बांधून, अगदी फोटोतल्यासारखा, रोहू टांगला. ताणकाट्यावर चार किलो दोनशे भरला. शनिवार, दुपारी साडेतीन. मार्तंडानं कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मग कावळ्यांनी आणि मांजरानं पुरावा नष्ट करू नये म्हणून दोघं हातात काठ्या घेऊन पेरूखाली बसले.

कावळा आला, त्याला हाकललं. मग दत्तोपंत माशाकडे बघतच म्हणाले, "मार्तंड, पारशिवनीला तू नसतास तर मी नसतो. सांगायचं राहूनच गेलं."

"अबे, एकोणीस वर्षं झाली त्याला. ही काय वेळ आहे सांगायची?"

"हीच आहे."

मार्तंडानं काठीनं मातीत रेघ ओढली, पुसली. "तुला एक सांगू? चारूला मी बजावून ठेवलं होतं. दत्तू निरोप घ्यायला आला, रडका चेहरा करून आला, तर सांग झोपलेत. नाही बघवलं असतं मला. तू भांडायला आलास. फार बरं केलंस." त्यानं काठी बाजूला ठेवली. "तीन वर्षं घालवली बे आपण. आणि बोललो मीच होतो. दहा माणसांत बोलायला नको होतं."

"मीही चकली अर्धी टाकून उठायला नको होतं," दत्तोपंत म्हणाले. "चकली चांगली झाली होती."

मार्तंड हसायला लागला तो थांबेचना. आतून चारुशीलाबाई डोकावल्या. नवऱ्याला असं हसताना बघून किती महिने झाले होते, ते त्यांनाच माहीत. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि दोघांसाठी बाहेरच चहा आणून ठेवला.

दत्तोपंत काळोख पडल्यावर घरी आले. रुखमाबाई मुक्कामालाच होती. तिच्यापुढे जाऊन त्यांनी चक्क हात जोडले. "रुखमाबाई, तुमचं खरं होतं. टोपली तोलली ते चुकलं माझं. आणि फार मोठे उपकार केलेत."

"कायचे उपकार साहेब?" ती अवघडून ताराकडे बघू लागली. "असं काय करून राह्यले? संत्रं खा ना."

दत्तोपंतांनी संत्रं सोललं. तीन वर्षांत एवढं गोड काही तोंडात गेलं नव्हतं, असं त्यांना वाटलं आणि तसं ते बोललेही. आपल्याला हे सगळं फुकट मिळतंय, असंच त्यांच्या मनात येत होतं. कुठला कोण चष्मेवाला, त्याला वेळेवर काटा मिळाला नाही म्हणून आज मार्तंड हसला. देव त्याचं भलं करो.

रविवारी सकाळी आठला रोहू तोलला. चार किलो. दोनशे ग्रॅमची घट. मार्तंडानं काट्याला डोळा लावला, टिचकी मारली, परत बघितलं. एका रात्रीत विसातला एक भाग गेला होता, आणि चष्मेवाल्याचा मासा तर टोपीवाल्याच्या माशाहून शंभरातल्या एका भागानंही कमी भरला नव्हता. गणित उघड होतं. पण मार्तंड नुसतं "हं" म्हणाला, कागदाची घडी करून खिशात घातली आणि सामान मोजायला लागला. हरलो म्हणाला नाही. मासा शेजारच्या मांजरीला मिळाला.

संध्याकाळी स्टेशनवर दत्तोपंत आणि तारा दोघंही गेले. बोचकी चढली, चारुशीलाबाई आणि तारा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मार्तंड खिडकीशी बसला. भिलाईचा पत्ता तारानं पिशवीत नीट ठेवला. शिटी झाली. गाडीनं एक हिसका दिला, तेव्हा मार्तंडानं खिडकीतून हात बाहेर काढून दत्तोपंतांचं मनगट धरलं.

"दत्तू," तो म्हणाला, "तुझा मासा मोठा."

हे एवढंच ऐकायला दत्तोपंत तीन वर्षं थांबले होते. झोपेत ऐकलं होतं त्यांनी हे वाक्य. आणि आता ते ऐकलं, तर नकोसं झालं. गाडी हलली होती. मार्तंडाचा हात सुटला. दत्तोपंत चालायला लागले, मग धोतराचा सोगा हातात धरून चक्क पळायला लागले.

"नाही बे! नाही!" ते ओरडले. हमाल बाजूला झाले. "रोहूवरून शार्कचं कसं ठरेल? हा तळ्यातला, तो खाऱ्या पाण्यातला! तिथली हवा दमट! तिथं घट किती येते ते कुठं बघितलंय आपण? काही ठरलेलं नाही अजून!"

मार्तंड खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. आतून चारुशीलाबाई त्याचा स्वेटर धरून मागे ओढत होत्या. "मग लिही!" तो ओरडला. "पुराव्यानिशी लिही!"

"लिहितो! आणि तू खोडून काढ! खोडल्याशिवाय राहू नको!"

"सोडतो का तुला!" मार्तंडाचं हसणं डब्याबरोबर पुढे गेलं.

फलाट संपला तिथं दत्तोपंत थांबले. मागून तारा धापा टाकत आली. तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला, दम बसेपर्यंत तसाच ठेवला, आणि मग तिला राहवलं नाही. "अहो, तीन वर्षं हेच ऐकायचं होतं ना? म्हणाला होता तो. मग ठरू का नाही दिलंत?"

दत्तोपंतांनी डोळे पुसले. "ठरलं असतं, तर तो पत्र कशाला टाकील गं?"